ओळख आणि उपयोग

"हेड शोधा, हेड! शेपटीला काय धरून बसलात?" फ्रेजसरांनी खडू फळ्यावर आपटला. फळ्यावर 'द ओल्ड मॅन विथ अ ब्रोकन अंब्रेला' असं लिहिलेलं होतं. म्हणजे मोडक्या छत्रीचा म्हातारा. "यात मुख्य कोण?"

"अंब्रेला," पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

"छत्रीला मुख्य केलंस तर म्हातारा भिजेल की रे. मुख्य मॅन. बाकीचा सगळा त्याचा लवाजमा. मग पूर्ण गटाखाली?"

"निळी रेघ! नाउन फ्रेज!"

"आणि 'विथ'पासून पुढे?"

"हिरवी! प्रिपोझिशनल!"

वर्गभर हिरव्या पेनांची टोपणं टकाटक उघडली. एवढ्यात मागच्या बाकावर एक हात वर झाला.

"सर, मग त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"कुठल्या म्हाताऱ्याचं?"

"छत्रीवाल्या."

सरांनी वळून फळ्याकडे पाहिलं. म्हातारा तिथे होता खरा. "ते क्लॉजबाई सांगतील," ते म्हणाले. "क्रियापद त्यांच्याकडे मिळतं."

वर्ग हसला नाही. यात विनोद नव्हताच. व्यवस्थाच तशी होती.

क्लासचे मालक पूर्वी स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान चालवत. प्रत्येक भागाला वेगळं खोकं आणि प्रत्येक खोक्याला वेगळा माणूस ठेवला की काही हरवत नाही, हा त्या धंद्यातला धडा त्यांनी विद्येच्या क्षेत्रातही आणला. त्यामुळे इथे कुणीही इंग्रजी शिकवत नसे. टेन्ससर टेन्स शिकवत. व्हॉइससर व्हॉइस शिकवत. त्यांचा आवाज कायमचा बसलेला होता आणि नवीन आलेला प्रत्येक विद्यार्थी त्यावर एकदा हसून घेत असे. क्लॉजबाई क्लॉज शिकवत. आणि फ्रेजसर फ्रेज. घंटा झाली की मुलं जागेवर राहत आणि मास्तर प्लायवूडच्या भिंती ओलांडून पुढच्या खोलीत सरकत. प्रत्येक खोलीत तोच फळा, तीच मोडक्या छत्रीची कहाणी.

हद्दी फार कडक होत्या. एकदा कुणीतरी शंका विचारली म्हणून फ्रेजसरांनी जाता जाता क्लॉजबद्दल चार शब्द सांगितले, तर क्लॉजबाई भाडेकरूनं गच्चीवर कपडे वाळत घातल्यासारख्या मालकांकडे तक्रार घेऊन गेल्या. सरांना माफी मागावी लागली. बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांच्याकडेही एवढंच होतं.

धड्याचं पूर्ण नाव 'फ्रेजेस : ओळख आणि उपयोग' असं होतं. परीक्षेत प्रश्न फक्त 'ओळखा' असा येई. उपयोग कुणीच विचारत नसे. म्हणून क्लासच्या छापील नोट्समधली उपयोगाची पानं मालकांनी स्टेपलर मारून बंद करवली होती, मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. ते काम दर वर्षी सुट्टीत सगळे मास्तर मिळून करत. फ्रेजसरांचा हात त्यात चांगला बसला होता. एका दाबात दोन पिना.

आणि अशा माणसाला दुसऱ्या दिवशी एका शाळेत मुलाखतीला जायचं होतं.

ती जाहिरात बायकोनं वर्तमानपत्रातून कापली होती. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. हवा होता इंग्रजीचा शिक्षक. अख्ख्या इंग्रजीचा! कविता, गोष्टी, निबंध, पत्रं, सगळं. शिवाय रविवारी सुट्टी. क्लासला रविवारी दुप्पट बॅचेस असत. "लग्न झाल्यापासून मी तुम्हाला रविवारी उन्हात पाहिलेलं नाही," बायको म्हणायची. "कसे दिसता कोण जाणे."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी ती शर्टाला इस्त्री करत होती.

"अहो, कोपऱ्यातल्या कपाटावरचा तो पाण्याचा निळा फवारा द्या जरा."

"इंग्रजीत हे एकच नाउन फ्रेज होईल," सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "आणि त्याच्या पोटात प्रिपोझिशनल फ्रेजेस बघ किती..."

"फवारा द्या आधी."

त्यांनी फवारा दिला. बायकोनं इस्त्री बाजूला उभी केली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"हेच. अगदी हेच तिथे करू नका. 'हेड शोधा' म्हणायचं नाही. रंगीत खडू न्यायचे नाहीत. ऐकताय ना?"

"अगं, मी काय वेडा आहे का?"

"वेडा माणूस बरा होतो. तुम्हाला सवय लागलीय." मग ती जरा मऊ झाली. "कॉलेजात तुम्ही मला अख्खी कविता पाठ म्हणून दाखवली होती. मध्ये कुठेही न थांबता. तेवढं आठवा फक्त."

सरांना आठवलं. कविता आठवली नाही. म्हटली होती हे आठवलं.

खडूंचा डबा त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवला. ती आत गेल्यावर त्यातला एक हिरवा परत खिशात टाकला. वेळप्रसंगी असावा.

क्लासमधून अर्ध्या दिवसाची रजा काढणं हे तुरुंगातून अर्धा दिवस सुटण्यापेक्षा अवघड होतं. तुरुंगात निदान कारण विचारत नाहीत.

"दाढ?" मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठली?"

"मागची. डावीकडची."

"उघडा बघू तोंड."

सरांनी उघडलं. मालकांनी टॉर्च मारून सुट्या भागांच्या जाणकारानं पाहावं तसं पाहिलं. "चांगली दिसतेय की."

"आतून गेलीय."

"हं. तसं होतं खरं. वरून ठणठणीत आणि आतून पोकळ." मालकांनी टॉर्च विझवला. "संध्याकाळच्या बॅचला हजर राहा, सर. तुमच्या जागी टेन्ससरांना उभं करता येत नाही. मागे केलं होतं, तर मुलांच्या पेनांचे रंग बिघडले."

शाळा जुनी आणि हवेशीर होती. मुख्याध्यापिका ठेंगण्या, गोऱ्या, कुणाचंही म्हणणं मान एका बाजूला कलती करून ऐकणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सरांचे कागद चाळले.

"पदवीची ही झेरॉक्स झाली. मूळ प्रमाणपत्र?"

"क्लासच्या कपाटात आहे."

"तिकडे कशाला?"

"मालक सगळ्यांचीच ठेवून घेतात. सुरक्षित राहतात, म्हणाले."

बाईंची मान थोडी अजून कलली. "आमच्याकडे मुलाखत अशी नसते, सर. एक तास घ्या. सातवीचा वर्ग आहे. काय वाटेल ते शिकवा. मी मागे बसेन."

काय वाटेल ते! सर जिन्यानं वर जाता जाता हे शब्द घोळवत होते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काय वाटतं हेच विचारलं नव्हतं. वर्गात शिरताना त्यांचे पाय हलके झाले होते. खिडक्या मोठ्या होत्या, बाहेर मैदान होतं आणि मुलांच्या हातात एकेकच पेन होतं.

सुरुवात फार छान झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांनी 'हेड शोधा' म्हटलं नाही. व्याकरणाचा व सुद्धा काढला नाही. "काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात आणि काय करत होतात," ते म्हणाले, "ते एका वाक्यात लिहा. इंग्रजीत. चुकलं तरी चालेल. मात्र तुमचं स्वतःचं हवं."

पिना मारलेली पानं उघडली होती! मागच्या बाकावर मुख्याध्यापिका किंचित पुढे झुकल्या. मुलं पेनांची टोकं चावत लिहायला लागली. एकानं आपल्या कुत्र्याला अंघोळ घातल्याचं वाचून दाखवलं. वर्ग हसला, सरही हसले. "आणि कुत्र्याचं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं. एकीनं काकूबरोबर बाजारात हरवल्याचं लिहिलं होतं. "कोण हरवलं होतं, तू की काकू?" पुन्हा हशा. सरांना आपलाच आवाज अनोळखी वाटला, पण बरा वाटला.

मग खिडकीशेजारची एक मुलगी उभी राहिली. सैल वेणी, मोठ्या भावंडाचा असावा असा सदरा. तिनं हळू पण स्वच्छ वाचलं :

"अंडर द स्टेअर्स, होल्डिंग माय ब्रदर्स हँड, आय वेटेड फॉर द शाउटिंग टू स्टॉप."

सरांचे कान टवकारले. वर्षानुवर्षं हिऱ्यांच्या नावाखाली काचा पाखडणाऱ्या माणसाच्या सुपात एकाएकी खरा हिरा पडला होता. सातवीतल्या मुलीनं, कुणी न शिकवता!

"थांब थांब! पुन्हा वाच." ते फळ्याकडे धावले. खिशातला हिरवा खडू कधी हातात आला, त्यांना कळलं नाही. "अंडर द स्टेअर्स, हे बघा, प्रिपोझिशनल! होल्डिंगपासून हँडपर्यंत पार्टिसिपियल, आणि त्याच्या आत, त्याच्या आत बघा, माय ब्रदर्स हँड! नाउन फ्रेज! डबीत डबी! द शाउटिंग, म्हणजे जिरंडसुद्धा आलं. आणि शेवटी टू स्टॉप. काय? इन्फिनिटिव्ह!" रंग पुरेना म्हणून त्यांनी एकीला सरळ रेघ दिली, दुसरीला नागमोडी, तिसरीला दुहेरी. वाक्य लग्नघरासारखं सजलं. "एका वाक्यात सगळं कुटुंब आहे! शाबास! हिच्यासाठी टाळ्या."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी लाजून खाली बसली. सरांनी धापा टाकत मागे पाहिलं. मुख्याध्यापिका टाळ्या वाजवत नव्हत्या.

"सर," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "मुलांना या वाक्याचा मराठीत अर्थ सांगता?"

"हो, हो. सोपं आहे." सर फळ्याकडे वळले. "जिन्याखाली..." ते म्हणाले. "भावाचा हात धरून..." इथे त्यांचा वेग कमी झाला. "मी... आरडाओरडा थांबायची वाट बघत होते."

हिरव्या रेघा फळ्यावर हसत होत्या.

सरांनी मुलीकडे पाहिलं. तास सुरू झाल्यापासून ते तिच्याकडे पहिल्यांदाच पाहत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. थांबला का गं मग? भाऊ किती लहान आहे? यातलं काहीही चाललं असतं. सरांनी तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांच्या पाठांतराला तेवढीच फट पुरली.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही चूक नाही."

मुलगी उभी राहिली. मास्तर अडकलेत, एवढं तिला कळलं असावं. घरात मोठ्या माणसांना सावरायची सवय असलेल्या मुलांना ते चटकन कळतं.

"सर, ते खरं नाहीये," ती घाईनं म्हणाली. "मी आपलं मनानं बनवलं. वाक्य चांगलं व्हावं म्हणून."

"हो का," सर म्हणाले. "हो, हो. चांगलं झालंय."

मुख्याध्यापिका उठल्या, पुढे आल्या, आणि जाता जाता त्यांनी मुलीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. इतकंच. पण कसं करायचं होतं, ते सरांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं. अगदी सोपं होतं.

खाली त्यांनी सरांना चहा दिला. नकार चहाबरोबर येतो हे सरांना ठाऊक होतं, पण बाईंनी तो साखरेत घोळवला नाही.

"तुम्ही फ्रेजेस उत्तम शिकवता, सर. खरंच सांगते. मी असं कुणाला पाहिलं नाही. आम्हाला इंग्रजी शिकवणारं माणूस हवं आहे."

"सुरुवात..." सरांनी घसा साफ केला. "सुरुवात बरी झाली होती ना?"

"फार छान झाली होती. म्हणूनच वाईट वाटतं."

"मला जर थोडी संधी... म्हणजे सवय मोडायला..."

"मोडेलही," बाई म्हणाल्या. त्यांची मान कललेलीच होती. त्या खरोखर विचार करत होत्या. "पण तोवर ती मुलं तुमच्यासमोर बसलेली असणार ना, सर."

सरांनी चहा संपवला, बशी सरळ केली आणि उठले. दारापाशी ते थांबले.

"त्या मुलीचं... बघाल ना?"

"बघतेय," बाई म्हणाल्या. "आजपासून."

बसथांब्यावर त्यांनी बायकोला फोन केला. तिनं पहिल्या घंटीलाच उचलला.

"काय झालं?"

"कळवतील."

"खडू नेला होतात ना?"

"एकच."

"या घरी," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"संध्याकाळची बॅच आहे," सर म्हणाले.

मालक क्लासच्या दारातच उभे होते.

"काढली?"

"काढली."

"दुखतंय?"

"नाही. बधिर आहे अजून."

"राहील थोडे दिवस. मग त्या जागेची जिभेला सवय होते." मालकांनी मायेनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. माणूस तसा वाईट नव्हता. "चला, मुलं बसलीत."

मुलं बसली होती. पेनं रंगांप्रमाणे रांगेत लागली होती. सरांनी फळ्यावर मोडक्या छत्रीचा म्हातारा लिहायला हात उचलला आणि खाली घेतला.

"आज आपण उपयोग करू," ते म्हणाले.

वर्गात चुळबुळ झाली. "म्हणजे काय, सर?"

"म्हणजे एक वाक्य लिहायचं. तुमचं स्वतःचं. काल संध्याकाळी..."

"परीक्षेत येतं?" पहिल्या बाकानं विचारलं.

"नाही."

उघडलेली टोपणं पुन्हा पेनांवर बसली. उद्धटपणा त्यात अजिबात नव्हता. पाऊस थांबल्यावर माणूस छत्री मिटतो, तसं ते झालं.

"सर, 'ओळखा' घ्या ना," एक मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "ते तुम्ही किती छान घेता."

सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी सावकाश, मध्ये कुठेही न थांबता, एक वाक्य लिहिलं. ते नोट्समध्ये नव्हतं. कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

'स्टँडिंग इन धिस रूम, आय हॅव वेटेड फॉर मेनी इयर्स टू गो आउट.'

या खोलीत उभा राहून मी कित्येक वर्षं बाहेर जायची वाट बघतोय. कॉलेज सुटल्यानंतर त्यांनी स्वतःचं असं लिहिलेलं हे पहिलंच इंग्रजी वाक्य. खडू खाली ठेवून ते वर्गाकडे तोंड करून उभे राहिले आणि वाट पाहू लागले.

वर्गानं वाक्य वाचलं. डोळे चमकले. हात भराभर वर झाले.

"सर, स्टँडिंग इन धिस रूम, पार्टिसिपियल! लाल!"

"त्याच्या आत इन धिस रूम, हिरवी!"

"फॉर मेनी इयर्स पण हिरवी!"

"टू गो आउट, इन्फिनिटिव्ह, पिवळी! सर, डबीत डबी आहे!"

एकही चूक नव्हती. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बरोबर होती. इतका तयार वर्ग क्लासमध्ये दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नसता. सरांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. सगळे आनंदात होते, शाबासकीसाठी ताटकळले होते. ती न देणं अन्याय झाला असता.

"शाबास," ते म्हणाले.

घंटा झाली. सरांनी डस्टर उचललं, तेवढ्यात टेन्ससर खडूनं माखलेल्या हातांनीच आत आले.

"राहू द्या, राहू द्या, पुसू नका." त्यांनी फळ्यावरचं वाक्य पाहिलं आणि खूश झाले. "वा! तुमचं आहे? झकास आहे. आमच्या कामाचं आहे. हॅव वेटेड. काय रे मुलांनो, कुठला टेन्स?"

"प्रेझेंट परफेक्ट!"

"बघा. एकाच वाक्यात दोघांचं भागलं. मी क्लॉजबाईंनाही सांगतो, सगळ्या बॅचेसना हेच घेऊ. त्या म्हाताऱ्याचा कंटाळाच आला होता."

"घ्या," फ्रेजसर म्हणाले. "हरकत नाही."

ते बाहेर आले. प्लायवूडच्या दोन भिंतींमधला बोळ इतका अरुंद होता की, समोरून कुणी आलं तर एकानं अंग चोरून भिंतीला चिकटावं लागे. समोरून व्हॉइससर येत होते. फ्रेजसर भिंतीला चिकटले, व्हॉइससर मान हलवून पुढे गेले. भिंतीपलीकडे टेन्ससर ओरडत होते, "निगेटिव्ह करा!" आणि सगळा वर्ग एका सुरात ते वाक्य नकारार्थी करत होता, मग प्रश्नार्थी. पातळ भिंत त्यांच्या पाठीला थरथरताना लागत होती.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी बाह्यांवरची खडूची पूड झटकली, शर्टाची कॉलर सरळ केली आणि पुढच्या खोलीचं दार ढकललं. मुलं उठून उभी राहिली.